थायलंडमध्ये इंग्रजी शिकवते, १७ जानेवारीला वाढदिवस, घराबाहेरचा पहिलाच. काय करू?

बर्डीवाली

नमस्कार मंडळी. मी नागपूरची, घर लक्ष्मीनगरात, मे महिन्यापासून थायलंडला आहे. ईशान्येकडचा जो भाग आहे त्याला इकडे ईसान म्हणतात, तिथे खोन केन शहरापासून बसने तासाभरावर एक गाव आहे, तिथल्या सरकारी शाळेत प्राथमिकच्या मुलांना इंग्रजी शिकवून राहिली आहे. शाळा चांगली आहे, काम आवडते, पोट्टे इतके गोड आहेत की काय सांगू. सगळ्यांची टोपणनावं बॉल, बँक, मिल्क, बेन्झ अशी आणि शाळेत शिक्षकही त्याच नावाने हाका मारतात. रोज सकाळी आठला झेंड्यासमोर राष्ट्रगीत होते, त्यानंतर लाइनीतूनच "टीचा, टीचा" करत हात हलवतात. म्हणजे कामाची काहीच तक्रार नाही हे आधी सांगते.

प्रश्न वाढदिवसाचा आहे. १७ ला शनिवार येतो आणि १६ ला इथे शिक्षक दिन, मुलांना सुट्टी. म्हणजे गुरुवारी शाळा सुटली की पोरं सोमवारीच दिसणार. नागपूरला असती तर सकाळी टेकडी गणपतीला जाऊन आलो असतो, येताना तर्री पोहे, संध्याकाळी आईने औक्षण केलं असतं, वडाभात झाला असता, मग मैत्रिणींसोबत फुटाळा तलावावर. संक्रांत नुकतीच झालेली असते त्यामुळे घरात तिळगुळाचे डबे अजून भरलेले असतात, माझा वाढदिवस मला त्या वासानेच आठवतो. इथे शनिवारी रूमवर एकटी बसून राहीन की काय अशी भीती वाटते, आणि खरं सांगते, मला तो दिवस तसाच जाऊ द्यायचा नाही.

शाळेत सांगू का? सांगितलं तर मागून घेतल्यासारखं वाटेल का? आमच्याकडे एक फिलिपिनो टीचर आहे, तिच्याशी चांगलं जमतं, बाकी थाई शिक्षिका प्रेमळ आहेत पण भाषेमुळे बोलणं दोनचार वाक्यांवर थांबते. घरमालकीणबाई सत्तरीच्या आहेत, त्यांना मी याय म्हणते, म्हणजे आजी. मी शाकाहारी आहे, हा अजून एक त्रास, साध्या भाजीतही माशाचा सॉस असतो. आणि आई रोज फोनवर एकच विचारते, औक्षण कोण करेल तुझं. तिला काय सांगू तेही सुचत नाही.

कोणी अशा ठिकाणी वाढदिवस केला असेल तर प्लीज लिहा.

ईसान_रिटर्न

अगं सांग शाळेत, बिनधास्त सांग. मी उदोन थानीला शिकवत होतो, आता परत आलो, मनीषनगरला असतो. तुझ्या गावापासून उदोन काही फार लांब नाही त्यामुळे तुझं सगळं चित्र डोळ्यासमोर आलं.

मागून घेतल्यासारखं वाटेल ही भीती काढून टाक. आपल्यासारखंच आहे तिथे, आमच्या शाळेत तरी ज्याचा वाढदिवस तोच सगळ्यांना खाऊ घालायचा. म्हणजे तू सांगणं म्हणजे काही मागणं नाहीच, तू खाऊ घेऊन जाणार म्हणून सांगणं आहे. आणि तुझं नशीब बघ, १४ ला संक्रांत आहे. गुरुवारी १५ ला तिळगूळ घेऊन जा स्टाफरूममध्ये. तीळ तिथे सहज मिळतात, बाजारात "ङा" म्हणून विचार, शेंगदाणे तर ढीगभर मिळतात, गुळाऐवजी ताडाचा गूळ घे. तो मऊ असतो, वडी कडक होत नाही पण लाडू छान वळले जातात. शिक्षक दिनाच्या आदल्या दिवशी सहकाऱ्यांना तिळगूळ आणि सोबत परवा माझा वाढदिवस आहे एवढं एक वाक्य, बस. १६ ला शिक्षकांचा कार्यक्रम असतो, १९५७ पासून पाळतात हा दिवस, त्या कार्यक्रमाला तुला बोलावलं तर नक्की जा, तिथेच पाच जण शुभेच्छा देतील.

आता खरी गोष्ट सांगतो ज्यासाठी मी एवढा टाइप करून राहिलो. ईसानमध्ये एक विधी आहे, बायसी सू ख्वान. तिथल्या लोकांची समजूत अशी की माणसाच्या शरीरात ३२ ख्वान असतात, प्राणाचे रक्षकच म्हण, आणि माणूस लांबच्या प्रवासाला गेला, आजारी पडला, घाबरला, आयुष्यात काही मोठा बदल झाला की त्यातले काही भरकटतात. मग त्यांना परत बोलवायचं. मध्ये केळीच्या पानांचा फुलं लावलेला उंच सुळका ठेवतात, त्यात उकडलेलं अंडं, भात वगैरे असते, गावातला एक जाणता म्हातारा ख्वानला हाका मारतो, आणि मग एकेक वडीलधारी माणूस येऊन तुझ्या मनगटावर पांढरा सुती दोरा बांधतो आणि बांधताना तोंडाने आशीर्वाद पुटपुटतो. आयुष्य मोठं होवो, तब्येत चांगली राहो, पैसा येवो, चांगला नवरा मिळो, जे मनात येईल ते. लग्नात करतात, कोणी गावात नवीन आलं की करतात, कोणी चाललं की करतात, आणि वाढदिवसालाही करतात.

माझ्यासाठी आमच्या शाळेतल्या एका वयस्क शिक्षिकेने केला होता, मोठा सुळका वगैरे काही नाही, फक्त दोरे आणि चारपाच म्हाताऱ्या बाया. मला त्यांचा एक शब्द कळत नव्हता, पण दोन्ही मनगटं भरली तेव्हा मला माझ्या आजीचा हात आठवला. तुझ्या आईचा प्रश्न आहे ना औक्षण कोण करेल, तर त्या गावात औक्षण करणाऱ्या बायांची कमी नाही, त्यांची पद्धत फक्त दोऱ्याची आहे. तुझ्या यायला विचार. तिला एवढंच सांग की १७ ला माझा वाढदिवस आहे आणि आई लांब आहे. बाकी ती बघेल.

अजून एक, हे जरा गंभीर आहे. वर्गात वाढदिवसाचा धडा घेशील तर "तुझ्या वाढदिवसाला आईबाबांनी काय दिलं" असले प्रश्न विचारू नकोस. ईसानमधल्या कितीतरी मुलांचे आईवडील बँकॉकला नाहीतर कारखान्यांमध्ये कामाला असतात आणि मुलं आजीआजोबांकडे वाढतात. माझ्या वर्गात एक पोरगी होती, तिची आई वर्षातून सोंक्रानला, म्हणजे एप्रिलच्या नवीन वर्षाला यायची, बाकी फोन. त्या मुलांना घरापासून लांब असणं काय असतं ते आपल्यापेक्षा जास्त कळते. मी काय करायचो, महिन्यातल्या सगळ्या वाढदिवसवाल्या मुलांना एकत्र पुढे बोलवायचो आणि एकच केक. तू सोमवारी १९ ला तेच कर, जानेवारीवाली सगळी पोरं आणि तू, एका रांगेत. कोणाचा वाढदिवस कधी ते हजेरीपटात असते, फिलिपिनो टीचरला विचार. तिथे बौद्ध सनाने वर्ष लिहिलेलं असेल, त्यातून ५४३ वजा केले की आपलं वर्ष मिळते.

प्रतापनगरची_आई

बेटा, तुझ्या आईच्या वतीने लिहिते. माझा मुलगाही बाहेर असतो, तो शिकवत नाही, दुसरं काम करतो, पण आईला काय फरक पडतो.

आई औक्षणाचं विचारून राहिली म्हणजे तिला आरतीचं तबक नाही विचारायचं गं, तुझ्याजवळ त्या दिवशी कोणीतरी आहे का हे विचारायचं आहे तिला. म्हणून वर भाऊंनी त्या याय आजींबद्दल जे सांगितलं ते मला फार पटलं. असं कर, एक छोटा दिवा, वात, सुपारी, थोडं कुंकू आणि अक्षता एवढं जवळ ठेव. कुंकू नसेल तर हळद चालते, ती तर तिकडेही पिकते. सोन्याची अंगठी नसेल तर कानातलं काढून तबकात ठेव. मग व्हिडिओ कॉल लाव, फोन समोर उभा कर, आई इकडून सांगेल आणि त्या आजी तुला ओवाळतील. तू पाटावर बस, पाट नसेल तर स्वच्छ चादर घाल, तोंड पूर्वेला. आईने इकडून सांगायचं, त्यांनी तिकडे करायचं, भाषा नाही आली तरी दिवा गोल फिरवायला काय भाषा लागते.

आणि दोघींना एकमेकींना बघू दे. तू मे पासून तिथे आहेस आणि तुझ्या आईने तुझ्या घरमालकीणबाईंचा चेहरा अजून पाहिला नसेल तर तिला झोप कशी लागणार. मला माझ्या मुलाची घरमालकीण एकदा फोनवर दिसली, त्यानंतर मी निम्मी काळजी सोडली.

तिथे संध्याकाळी साडेआठ वाजता लाव, इकडे सात वाजलेले असतील, दिवेलागण होऊन गेलेली असेल. आई तिथीने करत असेल तर तिला सांग तिथीने तू देवाला नैवेद्य दाखव आणि तारखेने मला ओवाळ. खुश होईल.

हनोईवाला

मी व्हिएतनामला शिकवतो, मूळ सक्करदऱ्याचा. आमची घड्याळंही तुझ्याइतकीच, नागपूरच्या दीड तास पुढे. त्यावरून एक सांगतो. नागपूरचे मित्र तिकडच्या रात्री बाराला फोन करतात, इथे तेव्हा दीड वाजलेला असतो आणि तू झोपून गेलेली असतेस. आधीच सगळ्यांना सांगून ठेव की तिकडच्या साडेदहाला इथे बारा वाजतात. छोटी गोष्ट आहे पण त्या रात्री फोन वाजतो की नाही याने फार फरक पडतो.

शाळेत सांगण्याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. इथे व्हिएतनाममध्ये २० नोव्हेंबरला शिक्षक दिन असतो, त्या दिवशी मुलं आणि पालक फुलं, भेटी आणतात, त्यामुळे मी माझा वाढदिवस वर्गात सांगतच नाही, पालकांना वाटते अजून काहीतरी द्यायला लागेल, आणि सगळ्या घरांना ते परवडत नाही. तुझ्याकडे तर शिक्षक दिन आणि वाढदिवस लागूनच आलेत. म्हणून सहकाऱ्यांना सांग, मुलांना मात्र सोमवारीच कळू दे, केक समोर आल्यावर. आधी कळलं तर कोणी पोरगं आजीच्या मागे लागेल टीचरला गिफ्ट पाहिजे म्हणून.

इथल्या म्हाताऱ्या माणसांना वाढदिवसाची तारीख विचारली तर बरेच जण हसतात, जुन्या पद्धतीने तेत आला, म्हणजे त्यांचं नवीन वर्ष, की सगळा गाव एकदमच एक वर्षाने मोठा. मला ते फार आवडलं होतं. पहिल्या वर्षी माझा वाढदिवस मी असाच तेतमध्ये धरला, शेजाऱ्यांकडे जेवलो, आणि माझ्या तारखेला नुसता लायब्ररीत जाऊन बसलो, वाईट नाही गेला दिवस.

बर्डीवाली

किती छान लिहिलं सगळ्यांनी, वाचताना डोळे भरून आले. काकू, तुमचं वाचून लगेच आईला फोन केला आणि यायला कॅमेऱ्यासमोर आणलं, दोघी पाच मिनिटं आपापल्या भाषेत बोलल्या आणि दोघींना सगळं कळलं असं दोघी म्हणून राहिल्या.

हनोईवाले दादा, मुलांना आधी न सांगण्याचं पटलं. आमच्या शाळेतही पालकांची परिस्थिती तशीच आहे, हे माझ्या लक्षातच नव्हतं आलं.

यायला वाढदिवस सांगितला तर तिने पहिला प्रश्न केला, वार कोणता? मी म्हटलं १९९८ चा जन्म, शनिवार. तर म्हणे जांभळा रंग घाल आणि सकाळी लवकर ऊठ, भिक्खूंना वाढायचं आहे. माझ्याकडे जांभळा कुर्ता आहे, पण ते वाढायचं काय असते, कसं करायचं, काही चुकीचं होऊ नये एवढीच काळजी. कोणाला माहिती आहे का?

इंदोरा_चौक

जय भीम ताई. हे मी सांगतो, मी त्याच भागात काही काळ शिकवलं आहे आणि घरातूनही हे माझ्या जवळचं आहे.

आधी वाराचं. तिथे माणसाचा वार तारखेपेक्षा महत्त्वाचा. प्रत्येक वाराला एक रंग आणि बुद्धांची एक मुद्रा. सोमवार पिवळा, मंगळवार गुलाबी, बुधवार हिरवा, गुरुवार नारिंगी, शुक्रवार निळा, शनिवार जांभळा, रविवार लाल. मोठ्या विहारात या मुद्रांच्या मूर्ती ओळीने असतात, सात नाही, आठ, कारण बुधवार दिवसाचा वेगळा आणि रात्रीचा वेगळा. तुझ्या शनिवारचे बुद्ध म्हणजे मुचलिंद नागाच्या वेटोळ्यावर बसलेले, डोक्यावर नागाचा फणा. आपल्या नाग नदीच्या गावच्या मुलीला तीच मूर्ती मिळावी याचा मला मनापासून आनंद झाला. लोक आपल्या वाराच्या मूर्तीपुढे फूल, उदबत्ती, नाणं वाहतात, तूही वाहा.

आता भिक्षादान, तिथे तक बात म्हणतात. पहाटे सहाच्या आसपास भिक्खू अनवाणी, ओळीने, पात्र घेऊन गावातून फिरतात. ईसानमध्ये चिकट भात देतात, घरची टोपली घेऊन रस्त्याच्या कडेला बसायचं किंवा उभं राहायचं, चप्पल काढायची, आणि प्रत्येकाच्या पात्रात भाताचा छोटा गोळा ठेवायचा. बाईने भिक्खूला स्पर्श करायचा नाही, चिवराला म्हणजे त्यांच्या वस्त्रालाही नाही, तेवढं सांभाळ, पात्रात वरून अलगद सोडायचं. सोबत फळं, पाण्याची बाटली, गोड पदार्थ चालतो. तुझ्या तिळाच्या लाडवांतले चार त्यात जाऊ दे. कोणी बोलत नाही त्या वेळी, घाई करू नकोस. जानेवारीत पहाटे तिथे थंडी असते, शाल घे.

मग ते थांबून पालीत आशीर्वाद म्हणतात, तू हात जोडून खाली बस. त्याचा शेवट नीट ऐक, आयु, वण्णो, सुखं, बलं. धम्मपदातली गाथा आहे, जो वडीलधाऱ्यांना नम्रपणे वंदन करतो त्याच्या या चार गोष्टी वाढतात, आयुष्य, कांती, सुख, बळ. वाढदिवसाला याहून चांगलं काय कोणी म्हणणार. माझे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होते, ही गाथा मी लहानपणापासून घरी आणि विहारात ऐकली, आणि त्या परक्या गावात पहाटे, जिथे मला कोणी नावाने ओळखत नव्हतं, तिथे ओळीतल्या सगळ्यात तरुण भिक्खूच्या तोंडून ती ऐकली तेव्हा मी तिथून हललोच नाही बराच वेळ. उच्चार त्यांचे वेगळे असतात, पण शब्द ओळखू येतात.

नंतर याय तुला एका छोट्या भांड्यातून पाणी हळूहळू ओतायला सांगेल. ते पुण्य आपल्या गेलेल्या माणसांना पोचावं म्हणून असते. तुझ्या घरातलं जे कोणी नसेल त्याचं नाव मनात घे.

एक सांभाळायचं, तिथे डोकं पवित्र मानतात. याय तुला कुंकू लावेल ते ठीक, ती मोठी आहे. तू मात्र प्रेमाने कोणा पोराच्या डोक्यावरून हात फिरवू नकोस, आणि मोठ्यांच्या कपाळाला हात लावण्याआधी विचार.

बर्डीवाली

जय भीम दादा. हे सगळं वाचून आता १७ ची भीती राहिली नाही, उलट वाट बघून राहिली आहे. पहाटे यायसोबत तक बात. मग फिलिपिनो मैत्रिणीसोबत बसने खोन केनला, तिथे तलावाकाठी वाट नोंग वेंगचा नऊ मजली स्तूप आहे, तो मी अजून पाहिला नाही. संध्याकाळी घरी औक्षण आणि यायने शेजारच्या बाया बोलावल्यात दोऱ्यासाठी. गुरुवारी तिळगूळ, सोमवारी जानेवारीवाल्या पोरांचा केक. हजेरीपट पाहिला, मी धरून सात जण आहोत.

दोन गोष्टी राहिल्या. जेवण काय करू, संध्याकाळी बाया येतील त्यांना काही आपलं खाऊ घालायचं आहे, माझ्याकडे एक इलेक्ट्रिक शेगडी आणि राइस कुकर एवढंच आहे, रवा इथे कुठे मिळत नाही. आणि ते दोरे किती दिवस ठेवायचे?

ईसान_रिटर्न

रवा शोधू नकोस, बँकॉकच्या फाहुरातशिवाय मिळणं कठीण. साबुदाणा मात्र तिथे प्रत्येक दुकानात, साखू म्हणून विचार. दाणा बारीक असतो म्हणून खिचडी चिकट होते, खीर कर. नारळाचं दूध पाकिटात मिळते, त्यात साबुदाणा शिजव, ताडगूळ घाल, वेलची असेल तर वेलची. तिथे साखूचा गोड पदार्थ नारळाच्या दुधात करतातच, त्यामुळे बायांना ओळखीचं वाटेल आणि वेलचीने आपलंही. तिखटात शेंगदाण्याचा कूट घालून राइस कुकरमध्ये बटाट्याचा मसालेभात. वडाभात घरी आल्यावर आईच्या हातचा खा.

बाहेर खाताना "किन जे" म्हण, म्हणजे मांसमच्छी काहीच नको. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर लावलेलं दुकान दिसलं तर डोळे मिटून आत जा, तिथे कांदालसूणही नसतो. साध्या दुकानात "माय साय नाम प्ला", मासे सॉस नको. खोन केनला जाल तेव्हा हे दोन्ही कामी येईल.

दोरे कमीत कमी तीन दिवस ठेव, म्हणजे सोमवारी शाळेत हातावर असू दे, पोरं लगेच ओळखतील आणि विचारतील. कात्रीने कापू नकोस, गाठ सोडवून काढायचे. कचऱ्यात टाकत नाहीत. काही जण विहारात नेऊन ठेवतात, मी माझे पाकिटात ठेवले.

आणि खोन केनहून परतीची शेवटची बस किती वाजता ते सकाळीच स्टँडवर विचारून घे, गावाकडच्या गाड्या लवकर बंद होतात आणि तुला साडेआठच्या आत घरी पोचायचं आहे.